जिवल्या आणि दोन काटे

माझा स्वभाव संशयी. मोजणीच्या कामात तो गुण समजतात, म्हणून मी तो कधी आवरला नाही.

१९६४च्या हिवाळ्यात बोईसरच्या पूर्वेकडच्या डोंगरांची उंची काढायला आमची तुकडी आली. हवेचा दाब मोजणारी दोन यंत्रं होती, जुनी, इंचांच्या खुणांची. शंभर फूट चढलं की दाब उतरून काटा इंचाच्या दहाव्या भागाएवढा मागे येतो. पण जागच्या जागीही दाब दिवसभरात बदलतो, दुपारी तर हमखास उतरतो. म्हणून एक यंत्र डोंगरावर न्यायचं आणि दुसरं तळावर ठेवून दर अर्ध्या तासाने वाचायचं. दोन्हींचा मेळ घातला की खरी उंची निघते. तळावर चंद्रभान बसायचा. माझ्याच नगरकडचा, अक्षर मोत्यासारखं.

डोंगरावर न्यायच्या यंत्राची पेटी जिवल्याकडे. चाळिशीचा, पायथ्याच्या पाड्यावरचा, वरी-नाचणीपुरती जमीन. दर वर्षी दिवाळीनंतर तो बायकोला, पारूला, घेऊन वीटभट्टीवर जाई. या वर्षी पेटीमुळे दोघं घरी होती, आणि हे काम गेलं की भट्टी ठरलेलीच, असं त्याने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

एकदा उतरताना मी पुढे निघून आलो. जिवल्या बऱ्याच उशिराने आला, पेटी डोक्याच्या फडक्यात गुंडाळलेली. माझ्या मनात पाल चुकचुकली. पेटी उघडली तर काटा २९.७६वर. सकाळी इथेच तो २९.८५वर होता. चंद्रभानची वही पाहिली: दिवसभर २९.८५, एकाखाली एक, खाडाखोड नाही. म्हणजे हवा बदलली नव्हती. पेटीच आपटली होती आणि पोचा झाकायला फडकं बांधलं होतं, असं मी धरून चाललो.

उशीर का झाला, विचारलं. ओढ्यावरून उडी मारावी लागू नये म्हणून लांबच्या वाटेने आलो, ऊन लागू नये म्हणून फडकं बांधलं, म्हणाला. मला ते घोकून आणल्यासारखं वाटलं. उद्यापासून येऊ नकोस, मी सांगितलं.

तो गेला नाही. फडकं सोडत म्हणाला, "सायेब, सकाळी तुमी दोनी पेट्या शेजारी ठेवता ना? आता पन ठेवा."

चिडूनच ठेवल्या. दोन्ही काटे २९.७६वर.

वहीत मात्र आताच्या, चारच्या रकान्यात २९.८५ होते. चंद्रभानने मान खाली घालून कबूल केलं. काटा हलेल असं वाटलं नाही, म्हणून सकाळीच सगळे रकाने भरून तो स्टेशनावर चहाला गेला होता. दुपारी दाब उतरतो हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी आखीव वहीवर मी विसंबलो आणि संशय घेतला तो फडक्यावर. मला स्वतःचीच लाज वाटली. जिवल्याला उद्या ये म्हणालो, पण चंद्रभानला मी नुसतं दटावलं. त्याला येऊ नकोस म्हणालो नाही. जिवल्याने तेही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिवल्या आला, पण पेटी उचलेना. वाचता येत नसलं तरी दोन्ही काट्यांवर वाकून ते सारख्याच जागी असल्याची त्याने खात्री केली. मग म्हणाला, "सांजच्याला परत आसंच बगू. तुमच्यासमोर. मंगच मी घरी जाईन."

काम संपेपर्यंत तो रोज दोनदा असा वाकून बघायचा, आणि तेवढा वेळ मी बाजूला उभा राहायचो.