उंटकटाऱ्याची धुरी

काल मुलीला शाळेतून आणताना कालव्याच्या कडेला उंटकटाऱ्याची काटेरी, जांभळी बोंडं दिसली आणि मी तिथंच हसत सुटले.

ही झाली तेव्हा मी वीस वर्षांची, नववी नापास, इथं इंग्लंडात, लीड्सला नवीन. अंगावर दूधच येईना. मिडवाइफ म्हणाली, बाळाचं वजन उतरतंय, मंडेपर्यंत बघू, नाहीतर हॉस्पिटल.

खालच्या फ्लॅटमधल्या चिनी आजींनी वाळलेल्या मुळांची पुडी आणून दिली आणि छातीकडे बोट दाखवलं. पुडीवर चित्र होतं, बघते तर गावाकडच्या आमच्या बांधावरचा उंटकटाराच. मला वाटलं धुरी घ्यायची, बाळंतिणीला आमच्याकडे देतातच की. हे कामावर गेलेले. मी मूठभर मुळं तव्यावर टाकली, ओढणी पांघरून ओणवी झाले, तर खोलीभर कडू धूर, वर अलार्म बोंबलतोय, ही रडतेय, मी रडतेय.

आजी धावत वर आल्या. खिडकी उघडली, तवा बघितला.

"नो स्मोक," म्हणाल्या. "ड्रिंक. लाइक सूप."

आणि खाली फतकल मारून इतक्या हसल्या की मलाही हसू फुटलं, बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनीच उरलेली मुळं उकळून मला पाजली.

दुसऱ्या दिवशी त्या परत काढा घेऊन आल्या, तेव्हा ही अंगावर पीत होती. मी बोलायला गेले, तर आजींनी ओठांवर बोट ठेवलं. हिच्या घशातून गुटुक, गुटुक आवाज येत होता, आणि आम्ही दोघी तो ऐकत बसलो.