बर्फाच्या डोंगराला लागलेला वणवा

उत्तर ध्रुवाच्या अंगाला आभाळात नाचणारे दिवे बघितलेला पोलादपूर तालुक्यातला पहिला माणूस मीच. बघितले ते उताणा पडून, डोक्याला टेंगूळ आणि हातात फरशी पुसायचा दांडका, पण बघितले.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका थंडीतली गोष्ट हाय. महाडचे हसनचाचा परदेशी जहाजावर भंडारी (म्हंजे जहाजावरचा आचारी) होते. आमचे तांदूळ त्यांच्या घरी जायचे, त्या ओळखीवर त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाय, पण भांडी घासायला शाळा कशाला लागते? आमच्या गावाहून, कापड्याहून, निघालो तवा बायकोनं, येसूनं, सुकट आणि कुळथाचं पीठ बांधून दिलं. पोलादपूरला एष्टीत बसलो, मुंबईला इमानात. इमानात पोटाला पट्टा बांधला तो उतरताना सुटंना. सगळी उतरून गेली, मी आपला खुर्चीला बांधलेल्या बैलासारखा बसून. शेवटी त्या हवाईसुंदरीनं एका बोटानं सोडवला.

नार्वे नावाच्या देशात उतरलो. पहिला श्वास घेतला तो नाकातच गोठला. जहाज बघितलं तर आमच्या वाडीची सगळी घरं त्यात बसतील आणि गुरांना जागा उरंल एवढं. सूर्य म्हणाल तर त्या मुलखात थंडीत उगवतच नाय. दुपारी जरा उजाडल्यासारखं होतं, मंग पुन्हा काळोख. मी पहिल्या दिवशी जेवणावर जेवण जेवलो, कारण काळोख पडला की जेवायचं एवढंच मला ठाऊक.

चाचांनी मला भांड्यांच्या मोरीजवळ उभा केला आणि बोलले, "सितू, हितं दोन गोष्टी करायच्या नायत. चोरी आणि आगीची खोटी बोंब. बोंब मारलीस तर फुडच्या बंदरात उतरवतील. तुला पण, आणि तुला आणला म्हणून मला पण."

"आणि खरीच आग लागली तर, चाचा?"

"तरी पयला माझ्याकडं ये. तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाय."

चाचांच्या घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. मी मान डोलावली. माझी मान डोलवायला एकदम हुशार.

जहाज किनाऱ्याकिनाऱ्यानं वर निघालं. एका गावात लाकडाच्या मांडवावर मासळी वाळत घातलेली बघितली. आपल्या बोंबलासारखीच, पण एकेक मासा माझ्या हाताएवढा. वास आला आणि मला घरची इतकी आठवण झाली की मी रडलो. बाजूचा गोरा खलाशी नाक धरून पळाला.

जहाजावरची गोरी म्हातारी माणसं आलेली ती दिवे बघायला. पण आभाळ रोज झाकलेलं. दिवे नाय म्हणून पावणे कप्तानावर खेकसायचे, कप्तान चाचांवर, चाचा माझ्यावर. मला खेकसायला कोण? टोपांवर खेकसायचो.

एका दुपारी, पावण्यांच्या चहाच्या टायमाला, कांदे चिरून डोळे भरले म्हणून मी मागच्या डेकवर गेलो. काळोख होताच. समोर पाण्यापलीकडं बर्फाचा डोंगर, आणि डोंगराच्या मागून पांढरट धूर वर येतोय, त्याला आतून उजेड. कुडपणच्या डोंगराला शिमग्याच्या सुमारास वणवा लागतो तवा आम्हांला कापड्यातून अगदी असंच दिसतं. आमच्यात रीत हाय, जो पहिला बघंल त्यानं थाळी बडवायची. खरं-खोटं कोण विचारत बसत नाय. सगळ्यांनी हिरवे डहाळे तोडायचे आणि आग झोडपायला धावायचं.

बर्फाला आग कशी लागंल, हा इचार यायला डोकं लागतं. मी आत पळालो, टोपाचं झाकण आणि डाव घेतला आणि "वणवाऽ वणवाऽ" करत सगळ्या जहाजातून बडवत सुटलो. झाड काय समुद्रात मिळंना, म्हणून झाकण टाकून फरशी पुसायचा ओला दांडका उचलला आणि डेकवर डोंगर विझवायला उभा राहिलो. दांडक्याचं पाणी ठिबकलं, त्याची गोठून काच झाली, आणि मी त्यावर आडवा.

वर बघतो तर धूर हिरवा झालेला. मंग तो लांबच्या लांब पसरला, हलायला लागला, जसं भात पिकायच्या आधी वाऱ्यानं शेत हलतं तसं, आणि खालच्या कडेला गुलाबी. आवाज कसला नाय. पावणे कपबश्या हातात घेऊन बाहेर आलेले, माना वर करून.

तेवढ्यात चाचा बत्ती घेऊन धावत आले. माझं डोकं चाचपलं, बत्ती तोंडावर धरली. "हाडं शाबूत हायत?"

"हायत."

"मंग आता मी मोडतो. सितू, माझं घर बुडवलंस रे!"

मागून कप्तान आला, तोंड लालबुंद. मेलो तर मेलो, पण चाचांच्या मुली डोळ्यांसमोर आल्या. कप्तान तोंड उघडणार, एवढ्यात काठीवाली एक म्हातारी आली. डोळ्यांत पाणी. तिनं कप्तानाचा हात धरला आणि काय तरी बोलली. कप्तानानं तिच्याकडं बघितलं, दांडक्याकडं बघितलं आणि बोलला, "येस, म्याडम."

ती काय बोलली ते चाचांनी मंग सांगितलं. दिवे आले की भोंग्यावरनं सांगण्यापेक्षा तुमची ही भांडं वाजवून बोलवायची पद्धत फार चांगली, नायतर मी झोपून राहिले असते. पुढं दोनदा दिवे आले, तवा कप्तानाच्या हुकमानं मी झाकण बडवत फिरलो, आणि चाचा खाली चुलीपाशी.

त्या दुपारी मात्र तोवर आभाळ पुन्हा झाकलं होतं, आणि चाचा दोरखंडाच्या ढिगावर बसले ते बराच वेळ उठले नायत. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि हसायला लागले. मंग मी पण. एवढा हलका मी आयुष्यात कधी झालो नव्हतो, बिनवजनाचा.

गावी परतलो तवा पडवीत सगळी वाडी जमली. मी हात हलवून हलवून आभाळ दाखवलं. जगात कुठं पण जावा, धडधाकट आणि कामावर राहून घरी परत आलात की तोच मोठा प्रवास, असं पण बोललो. मला वाटलं हे शहाण्यासारखं झालं.

येसू चुलीपासनं बोलली, "आणि चाचांनी बघितलं का ते दिवं?"

"नाय गो. इतकी वर्षं त्या बाजूला जातात, पण कधी बघायला मिळालं नाय. त्या दिवशी ते बत्ती घेऊन माझ्या तोंडाकडं..."

"म्हंजे एवढं आभाळ पेटलं," येसू बोलली, "आणि त्या बिचाऱ्याला तुमचंच थोबाड बघायला लागलं!"