बटण लावलेला खिसा

आमच्या चर्चचे खजिनदार नाशिकरोडहून स्कूटरवर येत आणि मीटिंगचा चहासुद्धा घरून थर्मासमध्ये आणत. चर्चच्या पैशांच्या कपाटाची किल्ली शर्टाच्या खिशात, खिशाला कायम बटण.

मी सेक्रेटरी. त्या दिवशी माझ्या यादीत पहिलाच विषय होता, आजारी लोकांच्या निधीतून वेदीपुढे संगमरवर बसवण्याचा. त्याच निधीवर मनमाडच्या एका बाईंचं डायलिसिस चालू होतं.

“अहो, पैसा देवाचाच ना?” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणूनच देत नाही,” खजिनदार म्हणाले. “माझा असता तर दिला असता.”

“मग द्या की तुमचा!” सगळे हसले.

पुढच्या रविवारी त्यांनी स्कूटर विकून आलेले पैसे अध्यक्षांपुढे ठेवले. “संगमरवरासाठी. फाडा पावती.”

आता ते बसने येतात. खिशाचं बटण तसंच लावलेलं असतं.