परसूनं कन्नडात सांगितलेलं

वडगावात परसूच्या घरी दोन माग चालतात. त्यांच्या खडखडाटावर मात करता करता त्याचा आवाज कायमचा चढलेला. असा माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की फिल्मवाल्याचं सोनंच. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या हालांवर फिल्म करायला रविराज पुण्याहून आला, तो परसूवर जाम खूश झाला. रविराज मूळचा जवळच्याच मच्छ्याचा, म्हणजे घरचाच म्हणायचा.

माग बंद करून परसूनं सगळं सांगितलं. वीस वर्षांपूर्वी भाषेवरून डोकी पेटली होती. जमाव दारात आला, खिडक्या फुटल्या, मागावरची साडी काचांनी भरली. एवढं सांगून होतंय तोवर शेजारच्या बायाक्का चहा घेऊन आल्या. घर कन्नड, वय ऐंशी. त्यांच्याशी मराठीत बोलायची परसूला सवयच नाही. त्यांच्याकडं वळून तो पुढचं कन्नडातच बोलत गेला. त्या दिवशी तुमचा लेक नागराज माझ्या दारात आडवा उभा राहिला, कपाळावर दगड झेलला, म्हणून माझी पोरं वाचली. बोलता बोलता रडलासुद्धा. वडगावात हे असंच चालतं. समोरचा माणूस बदलला की भाषा बदलते, आणि बदलली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

फिल्म वर्षानं आली. तोवर बायाक्का गेल्या होत्या. फिल्ममध्ये जमाव होता, काचा होत्या, आणि ‘कन्नड गल्लीतलं एकटं मराठी घर’ म्हणताना शेजारचं नागराजचं बंद दार होतं. कन्नडातला एक शब्द नव्हता.

परसूनं फोन लावला. “रविराज, नागराजचं कुठं गेलं रं?”

“काका, ते घेतलं की फिल्मची धार जाते. आणि खोटं एक तरी वाक्य दाखवलंय का?”

खोटं नव्हतं, हे खरंच. परसू गप्प बसला. गप्प तरी कुठला, स्वतःचा चेहरा बघून हुरळला आणि पै-पाव्हण्यांना फिल्म पाठवत सुटला. चुकलं ते इथं. हे पाप रविराजच्या माथी मारता येत नाही, आणि परसूलाही ते ठाऊक आहे.

आठवड्यानं नागराज आला. भांडला असता तर बरं झालं असतं.

“मनिषानं बघितली. इचारती, आप्पा, त्या दगडवाल्यांत तुमी हुता काय?”

मनिषा नागराजची लेक, दंग्यानंतर जन्मलेली. पोरीच्या डोक्यात तसलं काही नको म्हणून कपाळावरची खूण स्कूटरवरनं पडल्याची, असंच नागराजनं तिला सांगितलेलं.

“मग खरं सांग की तिला,” परसू म्हणाला.

“मी सांगितलं तर आपलीच पाठ थोपटल्यासारखं हुतंय. आई आता न्हाय. तूच सांग.”

परसू तसाच उठून गेला. मनिषासमोर बसून त्यानं दगडापासून रक्तापर्यंत सगळं सांगितलं. “तुझा आप्पा नसता तर आमचं काय खरं न्हवतं गं,” म्हणाला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“काका, फिल्ममधी तर ह्यातलं कायबी न्हवतं. आप्पांनी सांगाय लावलं म्हणून बोलताय व्हय?”

नागराज दाराशीच उभा होता. परसू “न्हाय गं पोरी” म्हणाला. दगडाचं सांगितलं ते खरंच होतं, पण ते खोटं वाटावं अशी व्यवस्था त्यानंच करून ठेवली होती.