बोलण्याला गुण नाहीत

शनिवारी, बारा तारखेला, रुग्णसहायक वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. खोलीत परीक्षक बाई, आठ मुली आणि पलंगावर रबरी बाहुली. आम्ही पालक दारात. माझी मुलगी सुजाता बाहुलीवर वाकून म्हणाली, "आजी, आता डाव्या कुशीवर वळवते हं. घाबरू नका."

"बाहुलीशी कसल्या गप्पा मारतेस? वेळ चाललाय," बाई म्हणाल्या. मुली हसल्या.

चादरीला पाच गुण, हात धुण्याला दहा, बोलण्याला शून्य. वेळ संपला आणि सुजाता दोन गुणांनी नापास झाली.

माझी आई सात महिने अंथरुणावर होती. दिवसातून चार वेळा रुग्णसहायक तिला कुशीवर वळवत, पोतं उलटावं तसं, न सांगता. दर वेळी ती दचकून पलंगाचा कठडा धरायची. मला वाटायचं, ती माणसंच कठोर. ती तशी नसावीत. त्यांना तसं शिकवलं होतं, वर गुणही दिले होते. संताप येतो तो याचा.

"पुढच्या वेळी गप्प राहीन, बाबा," सुजाता म्हणाली.

"पुन्हा नापास झालीस तरी चालेल, पण बोल," मी म्हणालो, आणि फेरपरीक्षेचे तीनशे रुपये त्याच बाईंच्या हातावर ठेवले.