आतल्या वाटेचा पत्ता

ऑफिसात सगळे तिला पुन्हाबाई म्हणत. कुठलंही काम झालं की ती म्हणायची, "पुन्हा एकदा बघते." घरीही तीच गत. दोन जिने उतरल्यावर तिला गॅस आठवायचा. ती वर पळायची आणि नवरा खाली मुकाट्याने उभा राहायचा. सासूबाई म्हणत, लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या मनाला आहे.

त्या दिवशीचं काम अकरा इस्पितळांचं होतं. कुठल्या रक्तपेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे क्लाउडवरच्या एका रिपोर्टात दिसे. आजवर तो इंटरनेटच्या उघड्या रस्त्याने यायचा. आता इस्पितळांच्या नेटवर्कपासून रिपोर्टापर्यंत खाजगी जोडणी टाकायची आणि चार वाजता उघड्या रस्त्यावरचा दरवाजा बंद करायचा, असं ठरलं होतं. तिने जोडणीची विनंती पाठवली, पलीकडच्या क्लाउडवाल्यांनी ती मंजूर केली. एका रक्तपेढीतल्या काकांनी फोनवर सांगितलं, रिपोर्ट उघडतोय. अडीच वाजता ती साहेबांना "झालं" म्हणाली, आणि साहेबांनी तो शब्द अकराही इस्पितळांना कळवून टाकला.

पण तिला बसवेना. बाटली भरून आणली, अर्धी प्यायली, पुन्हा भरायला उठली. रिपोर्ट फार सहज उघडला होता. गाठ बसताना हाताला थोडी ओढ लागतेच. इथे ती लागली नव्हती.

तिने इस्पितळातल्या एका मशिनवर लांबूनच शिरून रिपोर्टाच्या नावाचा पत्ता विचारला. मशिनने पत्ता सांगितला: जुना, बाहेरचा. जोडणी मंजूर होती, तिच्या आतल्या पत्त्याची नोंदही नावावरून पत्ता सांगणाऱ्या नव्या यादीत होती. पण ती यादी इस्पितळांच्या नेटवर्कला जोडायचीच राहून गेली होती. नवी वाट तयार होती आणि तिच्यावर कुणी पाऊलही ठेवलं नव्हतं. सगळे जुन्याच रस्त्याने ये-जा करत होते. चारला दरवाजा बंद झाला, की अकरा रक्तपेढ्यांचे पडदे कोरे.

यादी जोडायला इस्पितळांच्या नेटवर्कप्रमुखांची मंजुरी हवी होती, आणि ते साडेचारपर्यंत बैठकीत. म्हणजे चारची वेळ पुढे ढकलायला हवी, म्हणजे साहेबांना सांगायला हवं. या वर्षी तिने दोनदा आपला शब्द मागे घेतला होता. तिसऱ्यांदा असं झालं तर पासवर्ड बदलून देण्याच्या टेबलावर परत जाल, असं साहेब म्हणाले होते. त्या टेबलावर तिची सात वर्षं गेली होती. गप्प राहावं, खापर क्लाउडवाल्यांवर फुटेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. तिला स्वतःचीच किळस आली.

साहेबांच्या दारापाशी ती दोनदा जाऊन परतली. मग आत शिरली.

"झालं नाहीये, साहेब. मी चुकले. चारला दरवाजा बंद करू नका."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि आता मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"माझं नाव सांगा."

त्यांनी फोन उचलून इस्पितळांकडून दीड तास मागून घेतला.

चार पस्तीसला मंजुरी आली. तिने यादी जोडली, मशिनला पुन्हा रिपोर्टाचा पत्ता विचारला. आतला पत्ता आला. अकराही ठिकाणी विचारलं, अकराही ठिकाणी तोच. मग दरवाजा तिने स्वतःच्या हाताने बंद केला आणि काकांना फोन लावला.

"उघडतोय की," काका म्हणाले, "मघासारखाच. काहीच बदललेलं दिसत नाही. मग दिवसभर केलंत काय, बाई?"

तिच्या पाठीमागे साहेब उभे होते. त्यांनी ते ऐकलं. खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत ते म्हणाले, "सोमवारी इस्पितळांच्या दुसऱ्या तुकडीचं काम आहे. चौदा इस्पितळं. तुम्हीच करा. पण तोंडातून शब्द काढायच्या आधी बघा, नंतर नको."

मान हलवताना तिच्या मनात चौदा नेटवर्कं आणि त्यांच्या न जोडलेल्या याद्या फिरू लागल्या होत्या.