नडगीवरचे डाग

शेषराव कोणाच्या बापाला भिणारा माणूस नव्हता. आसेगावात पाटलाच्या ओट्यासमोरून तो चपला घालून जायचा, आणि मुद्दाम वाजवत जायचा. छप्पन साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून मान खाली घालायची नाही हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

भीती असलीच तर ती शाळेची. लहानपणी तो वर्गाबाहेर बसून शिकला. विटाळ नको म्हणून मास्तर जवळ येत नसे, छडी लांबूनच फेकून मारायचा. ती नेमकी नडगीवर बसायची आणि निळा डाग आठ आठ दिवस जायचा नाही.

म्हणून चौऱ्याहत्तरच्या दसऱ्यानंतर सात वर्षांच्या विजयमालाच्या नडग्यांवर निळे डाग दिसले, तेव्हा त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"कोनं मारलं तुले?"

"कोनीच नाही, बाबा."

"भेऊ नोको. सांग."

"खरंच नाही मारलं."

पोरगी भितेय असंच त्याने धरलं. भागिरथा, त्याची बायको, म्हणाली, "पडली असंल कुठं." तो तिच्यावरच खेकसला आणि तडक शाळेत गेला. गोविंदसिंग गुरुजी तरुण होते, शांत होते. म्हणाले, "म्या हात नाही लावला, शेषराव. पन पोरगी धावली की दम लागून बसते. वाशीमले दाखवून आन तिले."

मारायचं आणि वर शहाणपणही शिकवायचं! शेषरावच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने पोरीला शाळेतून काढलं आणि कामरगावला आपल्या बहिणीकडे, चतुराबाईकडे ठेवलं. तिथल्या शाळेत घातलं. महिन्याने बहिणीचा निरोप आला, "दादा, इथलाबी मास्तर तसाच हाय. आता पाठीवरबी डाग हायेत." बहीणही त्याच्याच घरात वाढलेली. तिलाही तेच दिसणार.

त्याने पोरीला परत आणलं आणि घरातच ठेवलं. पाचव्या दिवशी तिला न्हाऊ घालताना भागिरथाने हाक मारली, "अवो, हे पाहा."

दंडावर नवा डाग होता. पाच दिवसांत पोरीला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

शेषरावने तिचं तोंड उघडून पाहिलं, तर हिरड्यांतून रक्त येत होतं, ओठ पांढरेफटक. हे सगळं आधीही दिसत असणार, पण त्याचे डोळे दीड महिना मास्तर शोधत होते. त्याने तिला उचललं आणि वाशीमची गाडी गाठली. वाशीमच्या डॉक्टरने रक्त पाहून नागपूरला धाडलं.

रक्ताचा कॅन्सर होता.

नागपूरच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर मंगरूळकडच्या गुलाबसिंगांची मुलगी होती, गोमती. घर मोठं, जमीन मोठी. आजार तोच आणि नडग्यांवर डागही तसेच. "डाग दिसल्याच्या चौथ्या दिवशी आनलं आमी," गुलाबसिंग म्हणाले.

शेषरावने दबकत विचारलं, "कोनी मारलं असंल, असं नाही वाटलं तुमाले?"

गुलाबसिंग त्याच्याकडे वळले. "माह्या पोरीले? तिले कोन मारनार?"

त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. खरंच त्यांना तसं वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तर औषध झेपलं असतं. पुढे गोमती गोळ्या घेऊन आपल्या पायांनी घरी गेली. विजयमाला नवव्या दिवशी गेली. आदल्या सकाळी ती त्याला एवढंच म्हणाली, "म्या सांगतलं होतं न, बाबा."

त्यानंतर शेषराव भित्राच झाला. धाकटी लेक रुख्मिणी शाळेतून आली की आधी तिचे पाय बघायचा, मग चहा प्यायचा. गाव हसायचं. अठ्ठ्याहत्तर साली एका दुपारी तिच्या पोटरीवर निळा डाग दिसला आणि तो दारातच तिच्या पायाशी बसला.

"हे... हे कायनं झालं, बाई?"

पोरीने मान खाली घातली. "नव्या गुरुजीनं मारलं. पाढे नाही आले म्हनून."

"मारलं? खरंच मारलं? छडीनं?"

"हो, बाबा."

शेषरावने तिला पोटाशी धरलं. रडत रडतच तो घरात ओरडला, "भागिरथा, अवो भागिरथा, इले गुरुजीनं मारलं! मारलंच हाय फक्त!"